‘हे पूर्ण व्हायचंय का?’

पत्राचा सारांश: बोरिवलीत राहणारे, एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले ६१ वर्षांचे एक वाचक लिहितात की, चिपळूणला असणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी गेली चार वर्षे त्यांच्याकडे राहून मुंबईतील एका कला महाविद्यालयात चित्रकला शिकत आहे. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाला ते सपत्नीक गेले आणि दहा-बारा मिनिटांत सगळी दालने पाहून मोकळे झाले. भाचीने मैत्रिणींसमोर आपले चित्र दाखवले, तेव्हा तो मोठा राखाडी कॅनव्हास आणि त्यावरच्या रेघा पाहून त्यांच्या तोंडून सहज निघून गेले, ‘हे पूर्ण व्हायचंय का?’ मैत्रिणी हसल्या. भाची हसली नाही. ‘मग तुला कुठलं आवडलं?’ असे तिने विचारल्यावर त्यांनी दुसऱ्याच एका विद्यार्थ्याच्या कौलारू घराच्या चित्राकडे बोट दाखवले. आता ती आणि तिचे सात वर्गमित्र मिळून दक्षिण मुंबईतील एका लहानशा गॅलरीत आठवडाभराचे प्रदर्शन भरवत आहेत. निमंत्रणपत्रिका जेवणाच्या टेबलावर ठेवून ती एवढेच म्हणाली, ‘मामा, जमलं तर ये.’ वाचकांचे प्रश्न असे: ‘मला कळत नाही, तर जाऊन काय करू? खोटे कौतुक केले तर ती लगेच ओळखेल आणि खरे बोललो तर पुन्हा दुखावेल. पत्नी म्हणते की एक चित्र विकत घ्या, म्हणजे मागचे भरून निघेल. पण तिच्या चित्राची किंमत १५,००० रुपये आहे. शिवाय मेहुणे दर रविवारी फोनवर विचारतात की पोरीच्या चित्रांत काही दम आहे का. प्रदर्शन पाहून आल्यावर त्यांना काय सांगू?’

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ‘मला चित्रांतले काही कळत नाही’ हे वाक्य त्यात चार वेळा आले आहे आणि चारही वेळा ते कबुलीजबाब दिल्यासारखे आले आहे. परंतु त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर काही ओळी आहेत, ज्या वरच्या सारांशात मला जागेअभावी गाळाव्या लागल्या. तुम्ही लिहिले आहे की, चित्र राखाडी असले तरी डावीकडे खाली ते जवळजवळ काळे होत गेले होते, रेघा वरून खाली येत होत्या आणि त्यांतल्या दोन-तीन तर मध्येच थांबल्या होत्या, जणू काढणाऱ्याला कोणी हाक मारली असावी. हे चित्र तुम्ही वर्षापूर्वी, फार तर दोन मिनिटे पाहिले होते. याउलट जे चित्र आवडले म्हणून तुम्ही बोट दाखवले, त्याच्याविषयी संपूर्ण पत्रात ‘कौलारू घर’ या दोन शब्दांपलीकडे काही नाही. अंगण होते का, ऊन कुठल्या बाजूचे होते, कौले नवी होती की शेवाळलेली, याचा पत्ता नाही. ज्या चित्रातले काहीच कळले नाही, नेमके तेच वर्षभर मनात का राहिले, याचा विचार तुम्ही जाण्यापूर्वी एकदा करावा असे मला वाटते.

‘कळणे’ या शब्दाने आपली बरीच अडवणूक केली आहे. तुमच्या-माझ्या पिढीची चित्राची कल्पना शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांत घडली. वस्तुचित्राला टेबलावर बादली, किटली, दोन कांदे आणि मागे सोडलेले कापड. स्मरणचित्राला भाजीबाजार नाहीतर बसथांबा. संकल्पचित्राला चौकोनात बसवलेली नक्षी. किटली किटलीसारखी दिसली आणि तिची सावली योग्य बाजूला पडली की गुण मिळत. एलिमेंटरीला ‘ब’ श्रेणी मिळाल्याचे तुम्ही पत्रात थोड्या अभिमानाने लिहिले आहे आणि तो अभिमान रास्त आहे, कारण किटलीचा गोल झाकणापासून तळापर्यंत सरळ उतरवणे ही सोपी गोष्ट नव्हे. फक्त झाले असे की, परीक्षा संपली तरी आपण परीक्षकाच्या खुर्चीतून उठलो नाही. कुठल्याही चित्रासमोर उभे राहिलो की हे कशाचे आहे, जमले आहे का आणि गुण कुठे कापायचे, एवढेच आपण शोधत राहतो. चित्र कशाचे आहे हेच सापडले नाही, तर परीक्षक गोंधळतो आणि उत्तरपत्रिका अपूर्ण आहे असे समजतो. तुमचा गेल्या वर्षीचा प्रश्न मला तिथून आलेला दिसतो.

मुंबईतल्या कलाशिक्षणाचा पायादेखील हुबेहूब चित्रणाचाच होता, हे या ठिकाणी सांगायला हवे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कित्येक पिढ्या आधी पुतळ्यांवरून आणि मग समोर बसवलेल्या माणसावरून रेखाटन करायला शिकल्या. महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारखे चित्रकार त्या शिस्तीतून घडले आणि पुढे तिथेच त्यांनी ती शिस्त विद्यार्थ्यांना दिली. त्याच शाळेतून १९४८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडलेले वासुदेव गायतोंडेही सुरुवातीला माणसांच्या आकृती काढत होते. पुढे त्यांच्या चित्रांतून माणूस गेला, वस्तू गेल्या, आणि रोलरने व सुरीने चढवलेले, पुन्हा खरवडलेले रंगाचे थर तेवढे उरले. मुंबईत शिकलेल्या या चित्रकाराच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने भरवले. हे सांगण्यात तुमची भाची गायतोंडे होणार आहे असे सुचवण्याचा हेतू मुळीच नाही. हुबेहूब काढता येत नाही म्हणून कोणी अमूर्ताकडे, म्हणजे ओळखू येणारी वस्तू नसलेल्या चित्रांकडे, वळते हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो, एवढाच मुद्दा आहे. तुमच्या भाचीनेही पहिल्या दोन वर्षांत स्थिरचित्रे आणि व्यक्तिचित्रे ढिगाने केली असतील, कारण त्याशिवाय कोणी पुढे सरकू देत नाही. ती घरात, बहुधा पलंगाखाली, गुंडाळून ठेवलेली असतील. कधी पाहिली आहेत का?

आता तुमच्या नोकरीविषयी. तुम्ही सहजच लिहिले आहे की, नोकरीतली बरीच वर्षे चेकवरच्या सह्या स्पेसिमेन कार्डावरच्या सहीशी ताडून पाहण्यात गेली. मी हे वाचले आणि मला हसू आले, कारण नुसती रेघ पाहण्याचा एवढा सराव असलेला प्रेक्षक त्या आठ विद्यार्थ्यांना दुसरा मिळणार नाही. सही वाचण्यासाठी तुम्ही ती पाहत नव्हता; अर्ध्याअधिक सह्या वाचता येतच नाहीत. हात कुठे वेगाने गेला, कुठे अडखळला, दाब कुठे वाढला, पेन मध्येच उचलून पुन्हा टेकवले आहे का, हे तुम्ही पाहत होता. खोट्या सहीची रेघ वळणांवर सावकाश होते आणि थरथरते, कारण ती काढणारा लिहीत नसतो, तर चित्र उतरवत असतो. हे ज्ञान तुम्हाला कोणी चित्रकलेचे म्हणून दिले नाही, म्हणून तुम्ही ते बँकेतच ठेवून आलात. भाचीच्या कॅनव्हासवरची मध्येच थांबलेली रेघ तुम्हाला वर्षभर आठवते आहे, ती याच नजरेमुळे, असे माझे मत आहे. त्या रेघेचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगता येणार नाही. पण ती घाईने थांबली आहे की ठरवून, हे तुम्ही बहुतेकांपेक्षा नेमके सांगू शकाल.

तुमच्यासमोर जे पर्याय आहेत, त्यांपैकी न जाण्याचा पर्याय मी फार विचारात घेत नाही. तुम्ही निवृत्त आहात आणि ती तुमच्याच घरात राहते, तेव्हा ‘जमणे’ हा तुमच्या बाबतीत प्रश्न नाही, हे तिला ठाऊक आहे. ‘जमलं तर’ म्हणून तिने तुम्हाला न येण्याची मोकळीक दिली आहे, आणि स्वतःलाही, म्हणजे तुम्ही आला नाहीत तर वाईट वाटू न देण्याची. पत्रिका मात्र तिने दारातल्या चपलांच्या कपाटावर टाकली नाही, तुमच्या ताटाशेजारी ठेवली.

खोट्या कौतुकाविषयी माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थी प्रदर्शनातून मी घाईघाईने बाहेर पडत होते आणि दाराशी ठेवलेल्या अभिप्राय वहीत ‘अप्रतिम!’ असे लिहून खाली सही केली. टेबलापाशी बसलेल्या मुलाने ते वाचले आणि अगदी नम्रपणे, खरोखरच जाणून घेण्यासाठी विचारले, ‘कुठलं चित्र, मॅडम?’ मला एकही आठवेना. मी ‘सगळीच’ असे काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरले. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो, आणि त्याची चित्रे आजही आठवत नाहीत. ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘सुंदर’ हे शब्द वाईट नाहीत. पण पाहिल्याशिवायही ते उच्चारता येतात, आणि हे विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षातच समजते.

राहिला खरे बोलण्याचा पर्याय. इथे तुमचे एक गृहीतक मला तपासून पाहावेसे वाटते. खरे म्हणजे ‘आवडले नाही’ आणि गोड म्हणजे ‘आवडले’, अशी तुम्ही दोनच उत्तरे धरून चालला आहात. ही दोन्ही उत्तरे म्हणजे निकाल आहेत, आणि निकाल देणारी माणसे तिच्या आयुष्यात भरपूर आहेत. तिचे शिक्षक आठवड्यातून एकदा तरी तिच्या कामाची चिरफाड करत असतील. कला महाविद्यालयांत भर वर्गात ‘हे मृत आहे, पुन्हा कर’ असे ऐकून घेण्याची मुलांना सवय असते. टीकेने मोडणारी मुले चौथ्या वर्षापर्यंत टिकत नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षी ती टीकेने दुखावली असे मला वाटत नाही. तुम्ही प्रश्न विचारलात आणि उत्तरासाठी थांबला नाहीत. मैत्रिणी हसल्या, तुम्हीही बहुधा ओशाळून हसलात, आणि पुढच्या भिंतीकडे वळलात. तिला बोलायला मिळाले नाही.

गंमत अशी की, तो प्रश्न मुळात चुकीचा नव्हताच. चित्र कुठे थांबवायचे हा चित्रकाराला रोज पडणारा प्रश्न आहे, आणि वस्तुचित्रापेक्षा अमूर्त चित्रात तो अधिक अवघड असतो, कारण तिथे ‘किटली काढून झाली, आता थांबू’ अशी सोय नसते. एखादी रेघ आणखी ओढली तर चित्र उभे राहील की बिघडेल, हे ठरवण्यात कित्येक संध्याकाळी जातात. आणि त्या संध्याकाळी तुमच्याच घरात गेल्या असणार. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीचा दिवा जळतो म्हणून वीजबिलावरून तुम्ही केलेली थट्टा पत्रात आलीच आहे. तेव्हा तोच प्रश्न तुम्ही तिला पुन्हा विचारावा, पण या वेळी तिच्या एकटीपाशी आणि उत्तर ऐकण्याच्या तयारीने: ‘हे संपलं, आता हात लावायचा नाही, हे तुला कधी कळलं?’ असे विचारा आणि गप्प बसा. तुम्हाला बहुधा बराच वेळ गप्प बसावे लागेल.

प्रत्यक्ष जाण्याविषयी काही गोष्टी सांगते. त्या तुमच्यासारख्या इतर वाचकांनाही उपयोगी पडतील, कारण या प्रकारची पत्रे आई-वडिलांकडूनही येतात.

पहिली गोष्ट म्हणजे, तिच्या प्रदर्शनाआधी एकदा एकट्याने सराव करून या. बोरिवलीहून फास्ट लोकलने चर्चगेटला उतरा आणि ओव्हल मैदान ओलांडून काळा घोड्याला चालत जा. तिथली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे, आत जायला तिकीट लागत नाही, आणि प्रदर्शने साधारणपणे मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपतात. तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, कोणी मत विचारणार नाही, आणि कोणाचे मन राखायचे नाही. एक फेरी सरळ मारा, कुठेही न थांबता. मग ज्या चित्राने चालताना मान वळवायला लावली, ते आवडलेले असो वा खटकलेले, त्या एकाच चित्राकडे परत जा आणि घड्याळ लावून दहा मिनिटे उभे राहा. पहिली दोन-तीन मिनिटे कंटाळवाणी जातील. त्यानंतर काय दिसू लागते ते मी आधीच सांगत नाही. बाकीची चित्रे राहिली तरी चालतील. प्रदर्शन म्हणजे लग्नाची पंगत नव्हे, पानातले सगळे संपवलेच पाहिजे असा तिथे नियम नाही. पाय दुखले नाहीत तर तिथून जवळच, रीगल सिनेमाच्या चौकात, नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे. तिथे तिकीट लागते आणि सोमवारी ती बंद असते.

दुसरे असे की, तिच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेलात तर जा, परंतु ती तुमची खरी भेट समजू नका. उद्घाटनाला समई असते, प्रमुख पाहुणे असतात, सामोसे असतात आणि चित्रांकडे सगळ्यांची पाठ असते. तुम्ही बुधवारी किंवा गुरुवारी भर दुपारी जा. त्या वेळी अशा लहान गॅलरीत शुकशुकाट असतो. आठ जणांपैकी ज्या दोघांची पाळी असेल ते टेबलामागे बसून दाराकडे पाहत असतात आणि पावलांचा आवाज आला की ताठ होतात. भाडे आठ जणांत वाटून, चित्रे टेम्पोने नाहीतर लोकलच्या सामानाच्या डब्यातून आणून, आदल्या रात्री उशिरापर्यंत लेव्हलपट्टी लावून खिळे ठोकून त्यांनी ही भिंत उभी केलेली असते, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती पाहायला कोणी नसते. भाचीची पाळी कधी आहे ते तिलाच विचारा.

तिच्या चित्रासमोर गेल्यावर आधी दारातून पाहा, मग हाताच्या अंतरावरून, आणि नंतर, हे बहुतेक लोक करत नाहीत, बाजूने. विद्यार्थ्यांचे मोठे कॅनव्हास पुष्कळदा बिनफ्रेमचे टांगलेले असतात, कारण फ्रेमचा खर्च परवडत नाही. त्या कॅनव्हासची कड, म्हणजे लाकडी चौकटीवरून मागे दुमडलेला इंच-दीड इंचाचा भाग, नीट पाहा. समोरून जे नुसते राखाडी दिसते, त्याच्या कडेवर खालच्या थरांचे ओघळ दिसतात: कुठे विटकरी, कुठे निळा, कुठे आधी दिलेला आणि नंतर झाकलेला पिवळा. समोरच्या राखाडीखाली काय-काय पुरले आहे, ते त्या कडेवर राहून जाते. चित्राला हात मात्र लावू नका. तैलरंग वरून कोरडा वाटला तरी जाड थर आतून वाळायला कित्येक महिने लागतात. शेजारच्या लेबलावर शीर्षक, माध्यम आणि आकार असेल. ते शेवटी वाचा. आधी वाचले तर तुम्ही पुन्हा उत्तरपत्रिका तपासू लागाल.

इतर सात जणांची चित्रेही पाहा, आणि एखादे आवडले तर त्या मुलाला तसे सांगा, भाचीसमोर सांगितले तरी हरकत नाही. गेल्या वर्षी तुम्ही कौलारू घर दाखवलेत यात अपराध नव्हता. तिच्या चित्रावरून नजर काढून घेण्यासाठी ते दाखवलेत, हे तिला दिसले.

नाहीच आवडले तर? असे होऊ शकते. दहा मिनिटे उभे राहूनही चित्र मुके राहते. तसे झाले तर त्या दालनात काही बोलण्याची गरज नाही. तिने घरी विचारले, आणि ती विचारेल, तर कुठपर्यंत पोहोचलात आणि कुठे अडलात हे सांगा. ‘डावीकडचा काळा भाग मला जड वाटला, तिथून नजर वर जाईना’ हे वाक्य नापसंतीचे असले तरी तिच्या उपयोगाचे आहे. त्यावर ती तुमच्याशी वाद घालू शकते.

आता १५,००० रुपयांविषयी. तुमच्या पत्नीचा सल्ला प्रेमाचा आहे, परंतु भरपाई म्हणून घेतलेले चित्र घरात रोज समोर राहील, आणि ते का घेतले हे तुम्हा तिघांनाही माहीत असेल. पुढे तिला स्वतःलाच ते चित्र फसले असे वाटले, आणि शिकणाऱ्यांना तसे वाटतेच, तर भिंतीवरून उतरवायचीही चोरी. म्हणून या वेळी तिचे चित्र घेऊ नका असे मी सुचवेन. काही विकत घ्यावेसे वाटलेच, तर ते दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचे, लहान आणि तुम्हाला मनापासून हवेसे वाटलेले घ्या. मुद्राचित्रे, म्हणजे कोरलेल्या ठशावरून कागदावर छापलेली लिनोकट, वुडकट किंवा एचिंग, बहुधा कॅनव्हासपेक्षा बरीच स्वस्त असतात. त्यांच्या खाली पेन्सिलीने ३/१० असे काही लिहिलेले असते; त्याचा अर्थ दहा छाप्यांपैकी हा तिसरा. घासाघीस करू नका. लेबलावर लाल टिकली लावली की चित्र तुमचे झाले, पण प्रदर्शन संपेपर्यंत ते तिथेच राहते. कागदावरचे काम असेल तर काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, ठेवायला फ्रेमवाल्याला सांगा, म्हणजे पावसाळ्यात कागद काचेला चिकटणार नाही. आणि ज्या भिंतीला बाहेरून ओल येते तिच्यावर ते लावू नका, नाहीतर दोन पावसाळ्यांत बुरशीचे ठिपके पडतील. बोरिवलीच्या जुन्या इमारतींत अशी एक भिंत प्रत्येक घरात असते.

एक गोष्ट इतर नातेवाइकांसाठी लिहून ठेवते, कारण ती सर्रास घडते. ‘घरचीच आहेस, आमच्या हॉलसाठी एक काढून दे, सोफ्याला मॅच होईल असं’ ही मागणी कौतुक म्हणून केली जाते. कॅनव्हास आणि रंग दोन्ही विकत आणावे लागतात.

शेवटी मेहुण्यांचा रविवारचा फोन. त्यांची काळजी खोटी नाही; मुलीला मुंबईत चार वर्षे शिकवणे त्यांना सोपे गेले नसणार. पण ‘दम आहे का’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी तुम्ही का पत्करली, हे मला पत्रातून समजले नाही. आठवडाभरात किती लाल टिकल्या लागल्या यावरून ते ठरत नाही. काही कोटींना लिलावात गेलेल्या चित्रांच्या बातम्या सांगून त्यांची समजूत काढण्याचा मोहही टाळा. तो भाव उतारवयातल्या किंवा दिवंगत चित्रकारांचा असतो, आणि बावीस वर्षांच्या मुलीच्या पहिल्या भाड्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. पोटापाण्याचे बोलायचेच असेल तर त्या शिक्षणातून जे मार्ग फुटतात त्यांविषयी बोला: शाळेतला कलाशिक्षक, ज्यासाठी अध्यापनाची वेगळी पदविका लागते, पुस्तकांची चित्रे, ॲनिमेशन, नाटक-मालिकांचे नेपथ्य, संग्रहालयांतील जुन्या चित्रांचे जतन. यांपैकी तिला काय हवे आहे, हे तिला विचारून मगच बोला. आणि दम असण्या-नसण्याऐवजी त्यांना तुम्ही पाहिलेले सांगा: चित्र केवढे होते, कडेवर कुठले रंग दिसले, रेघ कुठे थांबली. त्यांना ते कमी वाटेल. मग म्हणा, ‘तुम्हीच या एकदा, राहायला घर आहेच.’ चिपळूणहून कोकण रेल्वेने माणूस सकाळी निघून संध्याकाळी मुंबईत असतो. तुमच्या पत्रात बहिणीचा उल्लेख पहिल्या ओळीनंतर कुठेच नाही. तिला काय वाटते, हेही एकदा विचारून पाहा.

दाराशी अभिप्राय वही असेलच. ‘अप्रतिम’ लिहू नका, माझ्यासारखी फजिती होईल. एका चित्राचे नाव आणि त्यात तुम्हाला दिसलेली एक गोष्ट, एवढे पुरे. ही मुले प्रदर्शन उतरवल्यावर रात्री चहा पीत ती वही पहिल्या पानापासून मोठ्याने वाचतात.

पत्रिकेला अजून तुम्ही उत्तर दिलेले नाही असे दिसते. आज रात्री जेवताना द्या: ‘बुधवारी दुपारी येतोय, तू असशील ना?’ आणि निघताना जवळचा चष्मा खिशात आहे ना ते पाहा. लांबच्या चष्म्याने त्या रेघा नीट दिसायच्या नाहीत.